सांगितलं तेवढंच

तिला 'टाक' हे नाव परीक्षा विभागातल्या म्हाताऱ्या कारकुनानं ठेवलं. ज्यांना दिसत नाही, ज्यांचा हात चालत नाही, किंवा परीक्षेच्या आदल्या दिवशी जिन्यावरून घसरून ज्यांनी मनगट मोडून घेतलंय, अशांना विद्यापीठ लेखनिक देतं. परीक्षार्थी सांगणार, लेखनिक लिहिणार. लेखनिकांची यादी या कारकुनाच्या खणात असायची आणि यादीत हिचं नाव सगळ्यात वर. "टाक मोकळी आहे का बघा हो," असं तो सांगायचा, जणू ती शाईत बुडवायच्या टाकासारखी कपाटातच ठेवलेली असते. आईबापांनी ठेवलेलं नाव हळूहळू फक्त ओळखपत्रावर उरलं. तिनं हरकत घेतली नाही. त्या दिवसांत ती कशालाच हरकत घेत नसे.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्यानं सांगितलेलं लिहायचं, त्यात काय मोठी कर्तबगारी? करून बघा एकदा. सांगितलं तेवढंच लिहायचं, चुकीचं सांगितलं तर चुकीचं. 'नक्की ना?' असं विचारायचं नाही, घसा खाकरायचा नाही, हुं की चूं करायचं नाही. पेनसुद्धा मध्येच थांबवायचं नाही, कारण पेन थांबलं की सांगणाऱ्याला कळतं, आपलं काहीतरी चुकलंय. उत्तर संपलं की मोठ्यानं वाचून दाखवायचं, सांगणारा 'ठीक' म्हणाला की पुढचा प्रश्न. भलेभले हुशार विद्यार्थी यादीत नाव घालून गेले आणि दोन पेपरांत बाहेर पडले. शहाण्या माणसाला डोळ्यांदेखत चूक लिहवत नाही. अंगाला खाज सुटते.

टाकला सुटायची नाही. तीन वर्षांत तिनं चाळीसच्या वर पेपर लिहिले, कायद्याचे, इतिहासाचे, परिचारिकांचे, एका बिचाऱ्याचा संख्याशास्त्राचा. तिचा स्वतःचा विषय भूगोल, त्यात ती जेमतेम पास व्हायची. चुकीचं लिहिताना तिला काही वाटत नव्हतं आणि बरोबर लिहितानाही वाटत नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय मेल्यासारखा होतो, हात लावला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं तिचं सगळं झालं होतं. आणि पाय जागा होताना ज्या मुंग्या येतात त्यांची तिला भीती होती, म्हणून ती हललीच नाही.

हे झालं आई गेल्यापासून. पहिल्या वर्षाची परीक्षा संपली आणि आई इस्पितळात पडली. घशात नळी. आवाज म्हणजे नुसता वारा. तोंडाशी कान नेला तर शब्द लागायचे, आणि तेही फक्त लेकीला. डॉक्टर आले की लेक ऐकून सांगणार, बाबा पायथ्याशी उभे राहून "काय म्हणतेय?" विचारणार, लेक सांगणार. सगळे म्हणायचे, पोरगी किती शांत आहे. शेवटच्या दिवशी दुपारी आई काहीतरी बोलली, बाबांनी विचारलं काय म्हणतेय, आणि ही म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या म्हणतेय."

आई तसं म्हणालीच नव्हती. आई वेगळंच म्हणाली होती.

बाबा खालच्या कॅन्टीनमध्ये गेले, जेवले, हात धुऊन ओल्या हातानंच वर आले, तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून बाबांजवळ आईचं ते एक वाक्य उरलं. जन्मभर वजनकाटे तपासून शिक्के मारणारा माणूस. काट्यात राईएवढा फरक दिसला तरी दुकानदाराला परत पाठवायचा. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि बोलायचे थांबले. दिवसाकाठी दहा शब्द बोलले तर पुष्कळ. पण ताट पुढे आलं की म्हणायचे, "तुझी आई म्हणाली होती, जेवून घ्या. घेतो बाई." आणि पहिला घास उचलायचे. हे वाक्य म्हटल्याशिवाय ते जेवत नसत, हे टाकनं पहिल्या महिन्यातच ओळखलं. एकदा पाहुण्यांसमोर म्हणायला संकोचले तर ताट तसंच सारून ठेवलं.

म्हणजे बघा, बापाचं पोट ज्या वाक्यावर चालतं ते वाक्य हिनं तयार केलेलं. ते खोटं आहे हे साऱ्या जगात एकटीला ठाऊक. दोन वर्षं ती रोज समोर बसून ते ऐकत होती आणि भात वाढत होती.

शेवटच्या वर्षाच्या शेवटी विद्यापीठाला एकदम जाग आली, की आपली मुलं नोकरीत टिकत नाहीत. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. एक कक्ष उघडला, त्यावर एक बाई नेमल्या आणि बाईंनी प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म दिला. अभ्यासाबाहेर तुम्ही काय शिकलात, जे कुठल्याही कामाच्या ठिकाणी उपयोगी पडेल, ते लिहा. संवाद, नेतृत्व, वेळेचं नियोजन अशी दहा कौशल्यं. एकेका कौशल्याखाली घडलेला प्रसंग लिहायचा आणि साक्षीदाराची सही घ्यायची. मुलं त्यांना पाठीमागे कौशल्यबाई म्हणायची. बाई वाईट नव्हत्या, फक्त त्यांचा फॉर्मवर फार विश्वास होता. मुलांनी तर बहारच आणली. स्नेहसंमेलनात जेवणाच्या रांगेत तीनदा उभ्या राहिलेल्या एका पठ्ठ्यानं 'गर्दीचं व्यवस्थापन' लिहिलं आणि वाढप्याची सही आणली.

टाकचा फॉर्म कोरा. बाईंनी तिला बोलावून घेतलं.

"तीन वर्षं काय केलंस तू?"

"लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"लोकांनी सांगितलं ते."

"अगं, स्वतःचं काहीतरी असेल ना? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"नाही मॅडम. स्वतःचं काही नाही."

बाईंनी पेनाचं टोपण टेबलावर चारपाच वेळा आपटलं. मग एकदम थांबल्या आणि खालच्या खणातून एक कागद काढला. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षाला माणसं हवी होती. घाबरलेली माणसं फोन करतात, पत्ता सांगतात, काय झालंय ते सांगतात. ते ऐकून लिहायचं, त्यांना वाचून दाखवायचं आणि गाडीवाल्याला द्यायचं. "तिथं हुशार मुलं टिकत नाहीत," बाई म्हणाल्या. "समोरचा सांगतो एक, हे स्वतःच्या अकलेनं लिहितात दुसरं, आणि गाडी भलत्याच दारात. त्यांना तुझ्यासारखीच हवी आहे. फक्त साक्षीदार आण. जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी वर्षभर तरी लिहिलंयस, अशा एकाचं निवेदन आणि सही. नातेवाईक चालणार नाही. मंगळवारपर्यंत."

टाकला ती नोकरी हवीशी वाटली. दोन वर्षांत काही हवंसं वाटण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून जिन्यात थांबून तिनं नीट तपासून पाहिलं. हो, हवी होती. दिवसभर दुसऱ्याचं ऐकायचं, ते पुढे द्यायचं, आणि कोणी विचारणार नाही तुला काय वाटतं. पण साक्षीदार म्हणून एकच माणूस होता, आणि नेमकं त्याच्याकडेच जायला तिचं मन घेत नव्हतं.

तो म्हणजे विद्यापीठाचा टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून दिसत नाही, वय चाळिशीच्या आसपास, मुख्य जिन्याखालच्या खोलीत वीस वर्षं बोर्डासमोर बसलेला. संध्याकाळी कायद्याचा अभ्यास. दोन कॉलच्या मधे टाक त्याला नोट्स वाचून दाखवायची आणि परीक्षेत त्याचे पेपर लिहायची. त्याचा एकच विषय अडला होता. दोन खेपा थोडक्यात गेला, ही तिसरी आणि नियमानं शेवटची.

त्या पेपरात एक प्रश्न आला, अपिलाच्या मुदतीचा. सगळं उत्तर त्या एका आकड्यावर उभं. टाकनं नोट्समधून त्याला तो आकडा तीस तरी वेळा वाचून दाखवला असेल. तीस दिवस. ऑपरेटर म्हणाला, "नव्वद." टाकचं पेन थांबलं नाही. तिनं लिहिलं, तीस. मग वाचून दाखवताना म्हणाली, नव्वद. ऑपरेटर क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "ठीक." कीव आली म्हणून केलं म्हणावं, तर तिला तेव्हा कोणाचीच कीव येत नव्हती. हात आपोआप गेला. इस्पितळात जीभ गेली होती तसाच. ऑपरेटर पास झाला, दोन गुणांनी. जिन्याखाली पेढे वाटावेत तसा आनंद झाला सगळ्यांना, कुलगुरूंनी स्वतः खाली येऊन हात मिळवला.

शनिवारी दुपारी ती त्याच्या खोलीत गेली तेव्हा तो कॉल जोडत होता. "नमस्कार, विद्यापीठ. जोडतो हं." मग हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाला, "ये टाक. दारात किती वेळ उभी होतीस? ताकाला आलीस तर भांडं लपवू नये."

तिनं फॉर्मची हकीकत सांगितली. निवेदनाचा मजकूर बाईंनीच तयार करून दिला होता, खाली फक्त सही हवी होती. तो म्हणाला, वाच. तिनं वाचलं. "सदर विद्यार्थिनी सांगितलेला मजकूर कोणताही बदल न करता लिहिते, हे मी स्वतः अनुभवले आहे."

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"'कोणताही बदल' म्हणायच्या आधी तू श्वास घेतेस," ऑपरेटर म्हणाला. "दोन्ही वेळा घेतलास. परीक्षेतही घेतला होतास. नव्वदच्या आधी."

बोर्डावर दिवा लागला. त्यानं कॉल घेतला, कुणाला तरी ग्रंथालय हवं होतं, जोडून दिलं.

"तुम्हाला कळलं होतं?" तिनं विचारलं.

"वीस वर्षं कानांवर पोट भरतोय मी. कळणार नाही?"

"मग ठीक का म्हणालात?"

"तिसरी खेप होती म्हणून. नव्वद म्हटल्या म्हटल्या मला वाटलं, काहीतरी गोची झालीये. आठवत मात्र नव्हतं. मग तू श्वास घेतलास आणि मला कळलं, हिनं सांभाळून घेतलं. विचारलं असतं तर खोडायला लावावं लागलं असतं. म्हणून मूग गिळून बसलो." त्यानं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "निकाल काही मी परत करणार नाही. महिनाभर विचार केला, तेवढा मोठा माणूस मी नाही. बसू देत ते दोन गुण माझ्या मानगुटीवर. पण ही सही वेगळी. उद्या तिथं कोणी तुला सांगेल मागच्या दारानं या, आणि तुझ्या मनात येईल पुढचं दार बरं."

"तसं नाही करणार मी."

"याआधी कधी केलंयस?"

इथं ती नाही म्हणू शकली असती. पण श्वासाचं ऐकल्यावर काय म्हणणार. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. "एकदा," ती म्हणाली, आणि मग एखादं उत्तर वाचून दाखवावं तशा आवाजात तिनं सगळं सांगितलं. नळी, पायथ्याशी उभे बाबा, कॅन्टीन, ओले हात. रोजचं ताट आणि रोजचं वाक्य.

"आणि आई काय म्हणाली होती?"

दोन वर्षांत ते वाक्य तिनं मनातसुद्धा पुरं म्हटलेलं नव्हतं. दिवा लागला, ऑपरेटरनं कॉल जोडला. दुसरा लागला, तोही जोडला. घाई त्याला नव्हतीच.

"'ह्यांना सांग, मला घरी न्या,'" टाक म्हणाली.

"परत."

"'ह्यांना सांग, मला घरी न्या.'"

"यात श्वास नाही," ऑपरेटर म्हणाला. "मग तू का नाही सांगितलंस?"

"डॉक्टर म्हणाले होते, हलवलं तर रस्त्यातच जाईल. आणि बाबांनी नेलंच असतं. तिला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. मला वाटलं, राहू दे इथं, बरी होईल."

"वडिलांना ठाऊक आहे?"

"नाही. दादा, ते त्या वाक्यावर जेवतात."

"जेवत असतील. पण तिनं तुझ्याजवळ निरोप दिला आणि तो अजून पोचलेला नाही. आणि तो पोचवला असं भासवून तू दोन वर्षं बसलीयस. अशा माणसासाठी मी साक्ष कशी देऊ?"

स्वतः दोन गुण खिशात घालून बसलेला माणूस दुसऱ्याला शहाणपण शिकवतोय, असं तुम्हाला वाटेल. टाकलाही वाटलं, आणि नवल म्हणजे तिनं ते बोलून दाखवलं. "तुम्ही कोण मला सांगणारे?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "सांग असं म्हणत नाही मी, सांगू नको असंही नाही. सही तेवढी माझी आहे. फॉर्म राहू दे इथं. सोमवारी मी आहेच."

ती बाहेर आली तेव्हा तिला राग आला होता. हातापायांना मुंग्या येत होत्या. बसस्टॉपवर दोन गाड्या सोडून ती तशीच उभी राहिली. नोकरी नकोच, असं तिनं ठरवून पाहिलं. ठरलं असतं सहज, कारण नोकरीवाचून त्यांचं अडलं नव्हतं, बाबांची पेन्शन होती. पण एकदा तोंडातून निघालेलं ते वाक्य काही परत आत जाईना. बसमध्येही ते होतं, कुलूप काढतानाही होतं.

रविवारी दुपारी तिनं ताटं घेतली. भात, भाजी, काकडी. बाबा येऊन बसले, पाण्याचा पेला नेहमीसारखा उजवीकडे सरकवला.

"तुझी आई म्हणाली होती, जेवून घ्या. घेतो बाई."

"बाबा," ती म्हणाली, "ती तसं नव्हती म्हणाली."

बाबांचा हात भातावर होता तो तिथंच राहिला. "मग?"

"'ह्यांना सांग, मला घरी न्या.'"

"परत सांग."

"'ह्यांना सांग, मला घरी न्या.'"

"हे कधी?"

"तुम्ही कॅन्टीनला जायच्या आधी. आदल्या दिवशी दोनदा."

"म्हणजे तीनदा."

"तीनदा."

"आदल्या दिवशी पाणी मागतेय म्हणालीस. मी नर्सला बोलवायला धावलो होतो."

"पाणी तिनं मागितलं नव्हतं."

बाबांनी हात ताटातून काढून मांडीवर ठेवला. बोटांना भाताची शितं तशीच चिकटलेली. मग म्हणाले, "म्हणजे तिला वाटलं असेल, ह्यांनी ऐकलं आणि कानाआड केलं."

आता खरी कसोटी. 'नाही हो बाबा, तसं नसेल वाटलं,' एवढं म्हणायला काय लागतं? जीभ तयारच होती, जन्माची सवय. टाकनं ती दाताखाली धरली.

"तसं ती काही बोलली नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही गेल्यावर दाराकडे बघत होती."

बाबा उठले. आत गेले, दार लोटून घेतलं. तिनं दोन्ही ताटं झाकून ठेवली, आणि मग संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून राहिली. आपण एका माणसाचं जेवण काढून घेतलं, असं तिला वाटत होतं. बरं वाटलं वगैरे काही नाही. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात, ते म्हणणारे कोण असतात देव जाणे.

सोमवारी ऑपरेटरनं विचारलं, "सांगितलंस?"

"हो."

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

तो कान देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "बाईंचा मजकूर खोडून टाक. मी सांगतो ते लिही. 'ही मुलगी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. दोन प्रसंगी तिनं तसं केलं नाही. एकदा ते मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. तिसऱ्यांदा करणार नाही असं मला वाटतं.' वाचून दाखव."

तिनं लिहिलं तेवढं वाचून दाखवलं. त्यानं सहीसाठी ठेवलेलं खाचेचं पुठ्ठ्याचं कार्ड कागदावर लावलं आणि खाचेतून सही केली.

कौशल्यबाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "हे काय आणलंस? अगं, असं कोणी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतं का? दुसऱ्या कोणाची तरी सही घे, उद्या दुपारपर्यंत वेळ देते. आणि हे गप्प बसणं म्हणजे काय, कशाबद्दल?"

"ते त्यांनी सांगितलं नाही, मॅडम."

"मग निदान ते मधलं वाक्य काढ."

"त्यांनी असंच सांगितलंय."

बाईंनी कागद फाइलीत घातला. ती परीक्षा विभागात जाऊन कबूल झाली का, असं विचाराल, तर नाही झाली. खोटं कशाला बोला. ऑपरेटरचे दोन गुण त्याच्याकडेच राहिले, आणि निम्मे तिच्याकडेही. नियंत्रण कक्षानं तिला आधी राखीव यादीत टाकलं. चार महिन्यांनी जागा झाली तेव्हा बोलावलं, तिथल्या मुख्य बाईंनी ते निवेदन समोर धरून एवढंच विचारलं, "तिसऱ्यांदा?" टाक म्हणाली, "नाही." अजून ती तिथंच आहे.

पण ते पुढचं. त्या आठवड्यात घरात चूल पेटायची आणि ताटं झाकलेली राहायची. बाबा उभ्या उभ्या चहा घ्यायचे, पावाचा तुकडा खायचे आणि आत जायचे. रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी ती एकटीच पाटावर बसली होती, तर बाबा बाहेर आले, समोर बसले आणि पेला उजवीकडे सरकवला.

"सांग," ते म्हणाले.

"काय?"

"ती काय म्हणाली होती."

"'ह्यांना सांग, मला घरी न्या.'"

बाबांनी मान हलवली आणि जेवायला लागले. गुरुवारी तसंच, शुक्रवारी तसंच. ताट आलं की ते थांबायचे, ती सांगायची, मग पहिला घास. चव लागत होती की नाही कोण जाणे, पण ताटात काही टाकत नव्हते.

शनिवारी ती "'ह्यांना सांग'" म्हणाली आणि पुढचं येईना. डोळ्यांतून पाणी ताटात पडायला लागलं, आणि ते कसं थांबवतात हे ती विसरूनच गेली होती. बाबांनी तिला जवळ घेतलं नाही, गप्पही केलं नाही. थोडा वेळ वाट पाहिली.

"पुढे," ते म्हणाले.

"'मला घरी न्या.'"

"हं."

त्यांनी तिच्या ताटातला भिजलेला भात स्वतःच्या ताटात काढून घेतला, पातेल्यातला गरम भात तिला वाढला, भाजी वाढली आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.

"जेवून घे आता," बाबा म्हणाले.

तिनं ताट ओढलं आणि जेवायला लागली.